कॉम्प्युटरमध्ये मास्टर्स करायचंय, पण अप्लाय नक्की कुठे करायचं?

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की बीईच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, ताई एमएससाठी कुठे कुठे टाकू, आणि सोबत सीजीपीएचा स्क्रीनशॉट. नाशिकचं के. के. वाघ कॉलेज असो, सपट असो, संदीप, मेट नाहीतर मातोश्री, प्रश्न तोच. मी आधी उलट विचारते की शिकून झाल्यावर काय करायचंय, आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात, कारण युनिव्हर्सिटीची नावं सगळ्यांना पाठ असतात पण त्यातल्या कुठल्या प्रोग्रॅमला जायचं, तिथे काय शिकवतात, कोण शिकवतं हे कोणी उघडून बघितलेलंच नसतं. नाव युनिव्हर्सिटीचं लागतं हे खरं, पण दोन वर्षं जातात ती एका प्रोग्रॅममध्ये, आणि एकाच युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरचे चार-पाच वेगवेगळे मास्टर्स असू शकतात. कार्नेगी मेलनची साइट उघडून बघा, नुसते मास्टर्सचे प्रकार वाचता वाचता संध्याकाळ होते.

ज्यांच्या घरात याआधी कोणी आयआयटीत किंवा परदेशात शिकायला गेलेलं नाही आणि विचारायला कोणी नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय. घाई करू नका, एकेक पायरी करत चला.

पायरी १: नावं शोधायच्या आधी एक पान लिहा

वही घ्या आणि चार गोष्टी लिहा. मला हे का करायचंय. आत्तापर्यंत शिकलेल्यातलं काय करताना वेळेचं भान राहिलं नाही. घरून किती पैसे येऊ शकतात. आणि किती वर्षांत मला कमवायला लागणं भाग आहे.

पहिल्या प्रश्नाला "चांगलं करिअर" असं उत्तर लिहू नका, त्याने काहीच ठरत नाही. "पुण्यात सर्व्हिस कंपनीत टेस्टिंग मिळालंय आणि मला बॅकएंड सिस्टिम्सवर काम करायचंय" हे उत्तर चालतं. "मला शिकवायचंय, रिसर्च करायचाय" हे चालतं. "मेकॅनिकल केलं, अंबडला नोकरी केली, आता फील्ड बदलायचंय" हेही चालतं. "मला अमेरिकेत राहायचंय" हेसुद्धा कारणच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते स्वतःशी कबूल करा म्हणजे प्रोग्रॅम त्या हिशोबाने निवडता येईल.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्या पुणे युनिव्हर्सिटीचा सिलॅबसच समोर ठेवा. शेवटचं सेम झालं असेल तर त्यातल्या हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगच्या लॅबमध्ये ओपनएमपी वापरून पॅरलल बीएफएस लिहिताना, कूडावर मॅट्रिक्स गुणताना मजा आली होती का? की टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, टीओसीमध्ये (थिअरी ऑफ कम्प्युटेशन) पंपिंग लेमा सगळ्यांना नकोसा वाटत असताना तुम्हाला तो आवडला होता? की वेब टेक्नॉलॉजीचं मिनी प्रोजेक्ट सबमिशन झाल्यावरही तुम्ही वाढवत बसला होतात? यातूनच कळतं की सिस्टिम्स, थिअरी की सॉफ्टवेअर. सगळ्यांनी एआय-एमएल लिहिलंय म्हणून आपणही लिहायचं असं करू नका. एआयच्या प्रोग्रॅमला सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि तिथे गणित खरंच आवडणाऱ्या मुलांशी स्पर्धा असते.

पायरी २: प्रोग्रॅमचा प्रकार ठरवा

ही पायरी लोक चक्क गाळतात.

एक प्रकार कोर्सवर्कचा, म्हणजे आठ-दहा कोर्स करायचे, मध्ये उन्हाळ्यात इंटर्नशिप, आणि नोकरी. अमेरिकेत याला बरेचदा प्रोफेशनल मास्टर्स म्हणतात, जसं इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला एमसीएस वेगळं आणि एमएस वेगळं, एमसीएसमध्ये फक्त कोर्स आणि एमएसमध्ये थिसिस. नाव जवळपास सारखं, पण आतला अनुभव पूर्ण वेगळा, आणि अॅडमिशनला बघतात त्या गोष्टीही वेगळ्या. एमएसला तुमचा रिसर्चकडे कल दिसावा लागतो, एमसीएसला बेसिक पक्कं आणि मार्क नीट असले तरी बोलणं पुढे जातं.

दुसरा थिसिसचा. भारतात याला एमएस बाय रिसर्च म्हणतात, आयआयटी मद्रासला एमएस, आयआयटी दिल्लीला एमएस रिसर्च, आयआयएससीला एमटेक रिसर्च. कोर्स कमी, एका प्रोफेसरसोबत एका प्रश्नावर काम जास्त. गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर शॉर्टलिस्ट होतं पण पुढे टेस्ट आणि इंटरव्ह्यू असतो, त्यामुळे गेटमध्ये थोडे मागे राहिलेले पण विषय नीट समजलेले विद्यार्थी इथे आत जाऊ शकतात. आपल्या भागात या रस्त्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरा म्हणजे डायरेक्ट पीएचडी. अमेरिकेत बीईनंतर थेट पीएचडीला अप्लाय करता येतं, साधारण पाच-सहा वर्षं लागतात, आणि चांगल्या ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. पण फी वाचते म्हणून पीएचडी घेऊ नका, पाच वर्षं एका प्रश्नाला चिकटून राहणं सोपं नसतं आणि मन नसेल तर ती वर्षं सरता सरत नाहीत.

चौथा ऑनलाइन. जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स २०१४ मध्ये सुरू झालं, दहा कोर्स, सगळी फी मिळून दहा हजार डॉलरच्या आत, आणि डिग्री जॉर्जिया टेकचीच. टेक्सास ऑस्टिनचंही तसंच आहे, साधारण दहा हजार डॉलर. हिंजवडीत नोकरी करता करता किंवा नाशिकमध्ये घरी राहून हे करता येतं. यातून स्टुडंट व्हिसा मिळत नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. शिकायचंय हाच हेतू असेल तर याच्याइतका स्वस्त आणि दर्जेदार पर्याय मला दुसरा दिसत नाही.

फील्ड बदलणाऱ्यांसाठी वेगळे प्रोग्रॅम असतात, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं एमसीआयटी आहे, नॉर्थईस्टर्नचं अलाइन आहे, दोन्ही कॉम्प्युटर न शिकलेल्यांसाठीच बनवलेत. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी सरळ एमएससीएसला दहा ठिकाणी पैसे घालवण्याआधी हे बघावं.

आणि एचपीटी-आरवायके किंवा केटीएचएम कॉलेजला तीन वर्षांचं बीएस्सी कॉम्प्युटर केलेले विचारतात आमचं काय. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची डिग्री मागतात, त्यामुळे प्रत्येक साइटवर ती अट आधी शोधा. भारतात तुमच्यासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे, त्यांची स्वतःची एंट्रन्स असते, गणित आवडत असेल तर जागा फार सुंदर आहे. एनआयटीच्या एमसीएसाठी निमसेट आहे, राज्यातल्या एमसीएसाठी सीईटी आहे. एमसीए करून मग गेटवरून एमटेक करणारेही आहेत.

पायरी ३: पैशाचा विषय घरी आत्ताच काढा

अॅडमिट आल्यावर बघू असं म्हणू नका. दोन वर्षांचा पूर्ण खर्च काढायचा, म्हणजे एका क्रेडिटची फी गुणिले एकूण क्रेडिट, अमेरिकेत एमएसला साधारण ३० ते ३६ क्रेडिट असतात, त्यात युनिव्हर्सिटीच्या इतर फी, हेल्थ इन्शुरन्स, आणि महिन्याचा राहण्या-खाण्याचा खर्च गुणिले महिने. हा आकडा प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर खर्चाच्या पानावर मिळतो, तो वाचा, यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून अंदाज करू नका.

आता कर्ज. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या मुलांच्या घरी अनेकदा बोलणं असं होतं की सातबारा आहे, द्राक्षबाग आहे, तारण ठेवू. पण मोठ्या कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत, कारण थकबाकी वसुलीचा जो सरफेसी कायदा आहे तो शेतजमिनीला लागू होत नाही. बँकेला एनए प्लॉट, फ्लॅट, दुकान नाहीतर एफडी लागते. सात-आठ एकर बाग असलेल्या घरातल्या मुलाला हे मे महिन्यात कळलं की मग धावपळ होते, नाशिकरोडला राहणाऱ्या मामाच्या फ्लॅटचे कागद मागायची वेळ येते आणि नातेवाइकांत अवघडलेपण येतं ते वेगळंच. म्हणून अप्लाय करायच्या आधीच आई-वडिलांना घेऊन दोन बँकांत जाऊन या. सरकारी बँकेत एक, आणि तारण न मागणाऱ्या एखाद्या फायनान्स कंपनीत एक, म्हणजे व्याजातला फरक डोळ्यांनी दिसेल. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

स्कॉलरशिपही बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. शाहू महाराज शिष्यवृत्तीत तुमची युनिव्हर्सिटी क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये ठरावीक क्रमांकाच्या आत असावी लागते, आणि तो क्रमांक बदललेला आहे, त्यामुळे त्या वर्षीचा जीआर काढून वाचा आणि मगच यादी करा. इथे रँकिंग खरंच कामाचं आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी लोन स्कॉलरशिप देतं, के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी कर्ज देतं. याने सगळा खर्च निघत नाही पण पहिल्या सेमला हातभार लागतो.

पायरी ४: देश

भारतापासून सुरू करते, कारण तो शेवटी आठवतो आणि तसं व्हायला नको. गेटचा सीएस पेपर ६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास, स्कोअर तीन वर्षं चालतो. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा डीए नावाचा वेगळा पेपरही आहे. परीक्षा फेब्रुवारीत, फॉर्म त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. आयआयटीच्या ऑफर कोअॅप (COAP) पोर्टलवरून येतात आणि एनआयटीच्या सीसीएमटीवरून, पण कोअॅपवर नाव नोंदवलं म्हणजे अप्लाय झालं असं नाही, प्रत्येक आयआयटीच्या साइटवर वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि हे माहीत नसल्यामुळे चांगला स्कोअर असलेल्यांच्या जागा जातात. गेटवरून एमटेकला गेलं की महिना १२,४०० रुपये स्टायपेंड असतो. आयआयटी बॉम्बेला रिसर्च असिस्टंटशिपवर तीन वर्षांचं एमटेकही असतं. आयआयआयटी हैदराबादची पीजीईई ही स्वतःची परीक्षा आहे, कोलकात्याच्या आयएसआयचीही वेगळी.

समजा तुम्हाला मराठी भाषेवर काम करायचंय, मराठी बोललेलं कॉम्प्युटरला कळावं, भाषांतर नीट व्हावं असं काहीतरी. मग परदेशात कशाला शोधताय? आयआयटी बॉम्बेच्या सीएफआयएलटी या भाषा-संशोधन केंद्रात मराठी वर्डनेट (शब्द आणि त्यांच्या अर्थांमधल्या नात्यांचा कोश) तयार झालं, आयआयआयटी हैदराबादला एलटीआरसी हे केंद्र भारतीय भाषांवर वर्षानुवर्षं काम करतंय, आयआयटी मद्रासला एआयफॉरभारत आहे. या विषयासाठी ही तीन ठिकाणं तुमच्या यादीत सगळ्यात वर असायला हवीत, आणि इथल्या फीमध्ये घर गहाण पडत नाही.

अमेरिकेत सगळ्यात जास्त प्रोग्रॅम, सगळ्यात जास्त खर्च. शिकून झाल्यावर ओपीटीवर १२ महिने काम करता येतं आणि प्रोग्रॅम स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) असेल तर आणखी २४ महिने. कॉम्प्युटर सायन्स स्टेममध्ये येतंच, पण इन्फर्मेशन सिस्टिम्स किंवा मॅनेजमेंटच्या बाजूचे काही प्रोग्रॅम येतात, काही येत नाहीत, ते साइटवर तपासा. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, वर्षाला ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर फी जाहीर झाली, तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागत नाही असं नंतर स्पष्ट केलं, पण नियम असे एका रात्रीत बदलू शकतात. म्हणून कर्ज किती काढायचं हे ठरवताना एक हिशोब असाही करून बघा की दोन-तीन वर्षांनी परत यावं लागलं तर भारतातल्या पगारात हप्ता झेपेल का. झेपणार नसेल तर तो प्रोग्रॅम महाग आहे, मग नाव कितीही मोठं असो.

जर्मनीकडे आता नाशिकमधून बरेच जण बघतात. पब्लिक युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं छोटं शुल्क. अपवाद आहेत, बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी सुरू केलीय, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हे पैसे तुमचेच, महिन्याला ९९२ असे परत मिळतात. भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट (डिग्रीचे कागद तपासल्याचं) लागतं, ते वेळखाऊ आहे, लवकर सुरू करा.

जर्मनीत मार्क कसे मोजतात ते करून दाखवते. कमाल ग्रेडमधून तुमचा ग्रेड वजा, त्याला कमाल वजा किमान पास ग्रेड याने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. सीजीपीए ८.२ आणि पास ग्रेड ४ धरला तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. तिकडे कमी आकडा म्हणजे चांगला. बऱ्याच प्रोग्रॅमला २.५ पर्यंत चालतं, म्हणजे या हिशोबाने आपला ७. युनिव्हर्सिटीने पास ग्रेड वेगळा धरला तर उत्तर बदलतं.

पण जर्मनीत रिजेक्ट होण्याचं मोठं कारण मार्क नसतात, विषय असतात. थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सचे इतके क्रेडिट, गणिताचे इतके, अशी अट असते. म्हणून बसा आणि विषय लावा: टीओसी, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, डीएए (अल्गोरिदम्स) एका बाजूला, एम-१, एम-२, एम-३ हे गणिताचे पेपर दुसऱ्या बाजूला, एसपीओएस (सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम), नेटवर्क्स, मायक्रोप्रोसेसर तिसऱ्या. आपले क्रेडिट आणि त्यांचे ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, एकच नाहीत, तिकडे पूर्ण एका वर्षाला ६० धरतात. तुमच्या पॅटर्नच्या सिलॅबसची पीडीएफ आत्ताच डाउनलोड करून ठेवा, नवीन पॅटर्न आला की जुनी शोधायला त्रास होतो, आणि मॉड्यूलचं वर्णन मागितलं की तीच कामाला येते.

कॅनडात थिसिसवाल्या मास्टर्सला बरेचदा फंडिंग असतं, वॉटरलू, अल्बर्टा, टोरोंटो बघा. ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात उरकतं, वेळ वाचतो पण इंटर्नशिपला श्वास घ्यायला जागा मिळत नाही.

पायरी ५: प्रोग्रॅमचं पान असं वाचा

आता कुठे नावं. पंधरा-वीस प्रोग्रॅमची लांब यादी करा आणि प्रत्येकाला एक तास द्या. हा तास सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे सावकाश सांगते.

पहिलं, कोर्सची यादी बघून हुरळून जाऊ नका. कॅटलॉगमध्ये चाळीस विषय छापलेले असतात, त्यातले गेल्या तीन सेमिस्टरमध्ये प्रत्यक्ष चालले किती ते बघा. बऱ्याच अमेरिकन युनिव्हर्सिटीचं सेमिस्टरचं क्लास शेड्यूल सगळ्यांना उघडं असतं, त्यात विषय, शिकवणाऱ्याचं नाव आणि किती जागा भरल्या ते दिसतं. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्ससाठी तुम्ही जाताय आणि तो विषय दोन वर्षांत एकदाच चालवलाय, तोही पहिल्याच दिवशी फुल, तर तो तुमच्या वाट्याला येईल कसा?

दुसरं, ग्रॅज्युएट हँडबुक नावाची पीडीएफ शोधा. ही जाहिरात नसते, आत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नियम असतात, त्यामुळे खरं सगळं इथे असतं. थिसिस करायचा तर गाइड आपण शोधायचा की ते देतात, एमएसच्या विद्यार्थ्यांना टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करायचं पगारी काम, मिळते का, पहिल्या सेमला किती कोर्स घ्यायची मुभा आहे, किती ग्रेडखाली गेलं की प्रोबेशन. "एमएसच्या विद्यार्थ्यांना सहसा फंडिंग दिलं जात नाही" असं एक वाक्य अनेक हँडबुकमध्ये असतं आणि तेच वाक्य न वाचता लोक टीएच्या भरवशावर निघतात.

तिसरं, माणसं. रिसर्च किंवा थिसिस करायचा असेल तर तुमच्या विषयाचे तिथे किमान तीन प्रोफेसर हवेत. एकच असेल आणि ते सुट्टीवर गेले, कंपनीत गेले, रिटायर झाले तर तुम्ही काय करणार? प्रत्येकाचं पान उघडा, शेवटचा पेपर कधीचा आहे बघा, लॅबमध्ये सध्याचे विद्यार्थी कोण आहेत, त्यात मास्टर्सचं कोणी आहे की सगळे पीएचडीचे. एक-दोन पेपरचा निदान अॅबस्ट्रॅक्ट आणि इंट्रोडक्शन वाचा, पूर्ण नाही कळला तरी चालेल, पण वाचून पुढचं वाचावंसं वाटलं का ते वहीत लिहा.

चौथं, गाव. सॅन होजे स्टेट रँकिंगमध्ये वर दिसत नाही पण ती सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध आहे, नोकरीसाठी जाणाऱ्याला त्याची किंमत आहे, तसंच तिथलं भाडंही आहे. लहान कॉलेज टाउनमध्ये खर्च कमी लागतो आणि शिकण्यावर लक्ष राहतं.

रँकिंगबद्दल थोडक्यात. यूएस न्यूज, क्यूएस वगैरे एकूण नावाचा अंदाज देतात. सीएसरँकिंग्ज नावाची साइट जास्त उपयोगी आहे, तिथे फक्त डेटाबेस किंवा फक्त सिक्युरिटी असा विषय निवडून निवडक कॉन्फरन्समध्ये कुठल्या डिपार्टमेंटचे प्रोफेसर किती छापतात ते दिसतं. पण ती फक्त पेपर मोजते, शिकवणं किंवा नोकऱ्या मोजत नाही. रिसर्चवाल्यांनी तिथून नावं काढावीत, कोर्सवर्कवाल्यांनी फार मनावर घेऊ नये.

पायरी ६: यादी सहा-आठवर आणा

अमेरिकेत एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर लागतात, दहा अर्ज म्हणजे हजार डॉलरच्या आसपास, त्यात जीआरई ही प्रवेश परीक्षा वीस हजार रुपयांच्या वर, इंग्रजीची टोफेल वेगळी. जीआरई अनेक ठिकाणी आता मागतच नाहीत, म्हणून आधी यादी करा आणि मग परीक्षेचे पैसे भरा, उलटं नको. दिलीत तर स्कोअर पाच वर्षं चालतो, टोफेल-आयईएलटीएसचा दोन वर्षं.

दोन ठिकाणं अवघड, तीन-चार आपल्यासारख्या प्रोफाइलला घेणारी, दोन बऱ्यापैकी खात्रीची. खात्रीची म्हणजे काय तर मागच्या दोन वर्षांत आपल्यासारख्या सीजीपीएला घेतलंय, खर्च झेपतो, आणि फक्त तेवढंच अॅडमिट आलं तरी आपण आनंदाने जाऊ. यातली तिसरी अट पूर्ण होत नसेल तर ते नाव खोडा, एप्रिलमध्ये नाइलाजाने जाण्यापेक्षा आत्ता शंभर डॉलर वाचवलेले बरे. केटी लागली असेल तर लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच. आणि मागितल्याशिवाय सीजीपीए चारच्या स्केलवर बदलून लिहू नका, दहापैकी आहे तसा लिहा.

कन्सल्टन्सीत जायचं असेल तर जा, फॉर्म भरायला आणि व्हिसाच्या कागदांना मदत होते. पण काही युनिव्हर्सिटी एजंटला प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन देतात हे माहीत असू द्या, म्हणून त्यांनी यादी दिली की थेट विचारा, यातल्या कुठल्या युनिव्हर्सिटीशी तुमचा करार आहे? जर्मनीच्या यादीत फी घेणाऱ्या प्रायव्हेट संस्था भरलेल्या दिसल्या तर पब्लिक का नाहीत तेही विचारा. आणि तुमचा एसओपी, म्हणजे मला हे का शिकायचंय ते सांगणारा निबंध, तुम्हीच लिहा, दुसऱ्याने लिहिलेल्यात तुमची ती पॅरलल बीएफएसची लॅब येणार नाही.

पायरी ७: वेळ

टीईची परीक्षा झाली की जून-जुलैत पायरी १ ते ३. ऑगस्ट-सप्टेंबरला लांब यादी, गेट द्यायची तर फॉर्म. सप्टेंबर-ऑक्टोबरला टोफेल वगैरे, आणि सातव्या सेमचं सबमिशन सुरू व्हायच्या आधी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज, दिवाळीत ऑफिसं बंद असतात. अर्जाच्या वेळी बऱ्याच अमेरिकन युनिव्हर्सिटीला स्कॅन कॉपी चालते, सीलबंद नंतर मागतात. रेकमंडेशनसाठी तीन सर-मॅडमना दीड महिना आधी भेटा, प्रोजेक्ट गाइड त्यात असायलाच हवेत, त्यांना तुमचं काम, मार्क, यादी आणि तारखा असलेलं एक पान द्या, कारण त्यांना एकाच वेळी पन्नास जण भेटत असतात आणि तुमच्या प्रोजेक्टमधला तुमचा भाग कोणता होता हे त्यांना आठवायला मदत होते.

अमेरिकेच्या बऱ्याच डेडलाइन १५ डिसेंबरच्या आसपास, पीएचडीच्या काही १ डिसेंबरला. जर्मनीच्या हिवाळी सेमिस्टरच्या मार्चपासून जुलैच्या मध्यापर्यंत पसरलेल्या, त्यामुळे डिसेंबरमध्ये थकलात तरी तिकडचा रस्ता उघडा असतो. गेट आणि अमेरिका दोन्ही एकाच वर्षी जोरात करायला जाऊ नका, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एसओपी लिहिताना गेटचा अभ्यास मागे पडतोच. एक मुख्य, दुसरं जोडीला.

मार्च-एप्रिलमध्ये उत्तरं येतात. फंडिंगची ऑफर असेल तर अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिटी १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला वेळ देतात, फंडिंग नसलेल्या प्रोग्रॅमच्या तारखा आणि डिपॉझिट वेगवेगळे असतात, ते मेल नीट वाचा. अॅडमिट हातात आलं की त्या प्रोग्रॅमच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर लिहा, तुमची ओळख दोन ओळीत आणि प्रश्न फक्त तीन: हवे ते कोर्स मिळाले का, पहिल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप किती जणांना मिळाली, आणि महिन्याला खरा खर्च किती येतो. मराठी नाव दिसलं तर मराठीतच लिहा, उत्तर बहुतेक येतं. ती उत्तरं आणि बँकेचं सँक्शन लेटर दोन्ही समोर ठेवून घरच्यांबरोबर बसा, आणि डिपॉझिट त्यानंतरच भरा.